जुना चिमट्याचा काकडा घेताना

चिमट्याचा काकडा म्हणजे पंपाचा रॉकेल स्टोव्ह पेटवण्याआधी बर्नरखालची नळी तापवायला तिला चिमट्याने लावायची, स्पिरिटमध्ये भिजवलेली वात. घेताना आधी वात बघा, पितळेची चमक नंतर. जुन्या काकड्यांची वात बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसची असते. ती खरवडू नका, कोरडी ओढून काढू नका. काकडा तसाच पिशवीत बंद करून संग्रहात ठेवा. वापरासाठी काचतंतूची वात असलेला वेगळा काकडा घ्या. स्प्रिंग ढिली असेल तर चिमटा नळीवरून घसरतो आणि जळतं स्पिरिट टाकीवर पडतं. असा काकडा फक्त शोभेचा.

पेटवताना हवेचा स्क्रू उघडा ठेवा, नाहीतर नळी तापण्याआधीच रॉकेल वर चढतं. काकडा स्पिरिटच्या बरणीत बुडवा, निथळू द्या, बर्नरच्या खाली नळीला लावा, बरणी झाकून लांब ठेवा आणि मगच काडी ओढा. दीड-दोन मिनिटांनी ज्योत विझत आली की स्क्रू बंद करून चार-पाच पंप मारा. पिवळा भडका उठला म्हणजे नळी कमी तापली: लगेच हवा सोडा, स्टोव्ह निवू द्या, पुन्हा सुरुवात करा. गरम काकड्यावर स्पिरिट ओतणं किंवा तो तसाच बरणीत बुडवणं, ही सगळ्यात वाईट खोड. वाऱ्यात मात्र बर्नरखालच्या स्पिरिटच्या वाटीपेक्षा काकडाच बरा; स्पिरिट वातीत धरून राहतं.