९० पूर्वेला फुगलेला, ९० पश्चिमेला बसलेला पीईटी नकाशा: आधी सौरप्रारणाचा हिशेब तपासा

तुम्ही लिहिलंय की ईआरए५-लँड या जागतिक हवामान-संचाच्या तासागणिक आकड्यांवरून, एफएओ-५६ या अन्न व कृषी संघटनेच्या पद्धतीने जगाचा संभाव्य बाष्पोत्सर्जनाचा, म्हणजे पीईटीचा (पाणी कमी पडलं नाही तर जमीन आणि झाडांतून किती पाणी वाफ होऊन जाईल याचा) नकाशा काढला. सूत्र तीनदा तपासलं, तापमान आणि दवबिंदूचे नकाशे व्यवस्थित दिसतात. तरी एकाच अक्षांशावर आशियात आकडे जास्त आणि अमेरिका खंडांत फारच कमी येतात, आणि तयार नकाशाशी तुलना केली तर सगळीकडेच कमी. वाचताक्षणी ओळखलं. याच चुकीत माझे चार महिने गेले आहेत, म्हणून जरा लांबण लावतोय. सूत्रातल्या संदर्भ गवताची उंची, अल्बेडो (परावर्तित उन्हाचा वाटा) ०.२३, ७० सेकंद प्रति मीटरचा पृष्ठरोध (वाफ बाहेर पडायला होणारा अडथळा) वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच, ते सोडून देतो.

तुमची स्क्रिप्ट पाहिलेली नाही, त्यामुळे हा अंदाजच. पण चूक बहुधा सूत्रात नसून सौरप्रारणाची 'दैनिक सरासरी' घेण्यात आहे.

ईआरए५-लँडमध्ये सौरप्रारण संचयी असतं. ०० यूटीसीला (ग्रीनिचच्या मध्यरात्री) मोजणी सुरू होते आणि दिवसभर आकडा चढत जातो. ०६:०० चा आकडा म्हणजे त्या तासाचं प्रारण नव्हे, मध्यरात्रीपासून सहा तासांत जमलेलं सगळं. अशा २४ आकड्यांची सरासरी घेतली की निकाल ठिकाणाच्या रेखावृत्तावर अवलंबून राहतो. ९० पूर्वेला ऊन साधारण ०० ते १२ यूटीसी या वेळात पडतं. तिथे आकडा अर्ध्या दिवसात पूर्ण भरतो आणि उरलेले बारा तास तसाच राहतो, म्हणून सरासरी खऱ्या बेरजेच्या सुमारे ०.७५ पट येते. ९० पश्चिमेला ऊन १२ यूटीसीनंतर सुरू होतं, निम्मे आकडे जवळजवळ शून्य, सरासरी सुमारे ०.२५ पट. ग्रीनिचवर ०.५. म्हणजे पूर्व-पश्चिम तिपटीचा फरक, आणि सगळीकडे आकडा खऱ्यापेक्षा कमी. तुमची दोन्ही लक्षणं यात बसतात.

वाईट भाग असा की आकडे अशक्य वाटत नाहीत. चोवीस आकडे बेरजेला लावले असते तर प्रारण ६ ते १८ पट झालं असतं आणि चूक पहिल्याच दिवशी दिसली असती. सरासरीत मात्र उष्ण कटिबंधात ५ ते १५ मेगाज्यूल येतात, आणि ढगाळ दिवस असेल असं समजून माणूस पुढे जातो. शिवाय ही चूक स्वतःला झाकते. निव्वळ दीर्घलहरी प्रारण (पृष्ठावरून बाहेर जाणारी उष्णता) एफएओ-५६ च्या सूत्राने काढताना ढगाळपणा हा मिळालेलं प्रारण आणि निरभ्र आकाशात मिळालं असतं ते प्रारण यांच्या गुणोत्तरावरून ठरतो. प्रारण खोटं कमी म्हणून आकाश खोटं ढगाळ, म्हणून बाहेर जाणारी उष्णताही कमी, आणि तूट अंशतः भरून निघते. ते गुणोत्तर ०.२६ च्या खाली गेलं तर १.३५ गुणिले गुणोत्तर वजा ०.३५ ही पदावली ऋण होते आणि चिन्हच उलटतं. कोरड्या, वाऱ्याच्या प्रदेशात सूत्रातलं वायुगतिक पद (वारा आणि हवेचा कोरडेपणा यांचा भाग) मोठं असल्याने तिथे बिघाड कमी जाणवतो. म्हणून तपासणी दमट उष्ण प्रदेशात करा, वाळवंटात नको.

तपासायचं असं: पीईटी बाजूला ठेवा आणि फक्त पृष्ठावरचं प्रारण भागिले वातावरणाबाहेरचं प्रारण याचा मासिक नकाशा काढा. अँगस्ट्रॉमच्या (ऊन किती तास पडलं त्यावरून प्रारण काढणाऱ्या) सूत्राच्या नेहमीच्या गुणांकांनी हे गुणोत्तर ०.२५ ते ०.७५ मध्ये असायला हवं. विषुववृत्तावर मार्चमध्ये बाहेरचं प्रारण सुमारे ३८ मेगाज्यूल प्रति चौरस मीटर प्रति दिवस, म्हणजे समुद्रसपाटीवर निरभ्र दिवशी २८ च्या आसपास. मेक्सिकोतल्या, ९० पश्चिमेजवळच्या युकातानसारख्या ठिकाणी महिन्याचं गुणोत्तर ०.२ च्या खाली दिसलं की निदान पक्कं.

दुरुस्ती सोपी आहे. १५ जूनची पूर्ण बेरीज १६ जून ००:०० या टाइमस्टॅम्पवर असते, तोच एक आकडा घ्या. १५ जूनच्या ००:०० वर १४ तारखेची बेरीज असते, आणि २३:०० ला शेवटचा तास राहून जातो. महिन्याची फाईल उतरवताना पुढच्या महिन्याचा पहिला ००:०० सोबत घ्यायला विसरू नका, नाहीतर शेवटचा दिवस गायब. तासागणिक मूल्य हवं असेल तर लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करा, फक्त ०१:०० चा आकडा जसाच्या तसा ठेवा. साध्या ईआरए५ मध्ये मात्र प्रत्येक आकडा त्या एका तासाचाच असतो, तिथे २४ ची बेरीजच बरोबर. एकासाठी लिहिलेली स्क्रिप्ट दुसऱ्याला लावली की हमखास गोंधळ होतो.

माझ्या बाबतीत ही सरासरी मी घेतलीच नव्हती. एका माहिती-केंद्राने तयार 'दैनिक' फायली दिल्या होत्या. एकक ज्यूल प्रति चौरस मीटर, पण सरासरी की बेरीज याचा कुठे उल्लेख नाही. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मूळ मार्गदर्शिकेचा दुवा आला. त्या मार्गदर्शिकेत केंद्राने स्वतः केलेल्या प्रक्रियेबद्दल एक ओळ असणार कुठून? सगळीच केंद्रं अशी नसतात. पण माझं मत आता ठाम आहे: मूळ तासागणिक आकडे मिळत असतील तर दुसऱ्याने बनवलेल्या दैनिक फायलींवर जागतिक नकाशा उभा करू नये.

हात घातलाच आहे तर वाराही बघा. वाऱ्याच्या दोन घटकांची (पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण) आधी सरासरी घेऊन मग वेग काढलात तर दिशा बदलणारे वारे एकमेकांना खोडतात. वेग तासागणिक काढा, मग सरासरी, मग १० मीटरवरून २ मीटरवर आणायला ०.७४८ ने गुणा. संपृक्त बाष्पदाब (हवेत जास्तीत जास्त मावेल त्या वाफेचा दाब) कमाल आणि किमान तापमानाचा वेगवेगळा काढून सरासरी करा, सरासरी तापमानावरून काढलात तर कमी येतो.

तुलना कशाशी करताय तेही लिहा. ईआरए५-लँडमधलं तयार संभाव्य बाष्पीभवन खुल्या पाण्याच्या पृष्ठाचं आहे, संदर्भ गवताचं नाही, आणि चिन्ह ऋण असतं. त्याच्याशी जुळवत बसू नका. सीआरयू टीएस या मासिक हवामान-संचातला पीईटी मिलिमीटर प्रति दिवस असतो, महिन्याच्या दिवसांनी गुणावा लागतो, आणि त्यात वारा १९६१-९० च्या सरासरीवर गोठवलेला आहे. मोडिस या उपग्रहावरच्या संवेदकाच्या एमओडी१६ या बाष्पोत्सर्जन-संचात आठ दिवसांची बेरीज असते, ०.१ ने गुणायची, आणि वर्षाचा शेवटचा तुकडा पाच-सहा दिवसांचाच. थॉर्नथ्वेटचं तापमानावर बेतलेलं १९४८ चं सूत्र कोरड्या प्रदेशात बरंच कमी दाखवतं. तुमचा नकाशा त्याच्याशी जुळला तर आनंद मानू नका. जागतिक सरासरी काढताना अक्षांशाच्या कोसाइनचं वजन द्या, ६० अंशावरची नकाशाची चौकट विषुववृत्तावरच्या निम्म्या क्षेत्राची असते.

आणि हा नकाशा घेऊन कोणाला सिंचनाचा सल्ला देणार असाल तर थांबा. पीक गुणांक (संदर्भ गवताच्या तुलनेत त्या पिकाला किती पाणी लागतं तो आकडा) आणि स्थानिक नोंदी याशिवाय ते करू नये.

दुरुस्तीनंतरही पूर्व-पश्चिम फरक राहिला, तर ९० पश्चिमेच्या एका चौकटीचे एका दिवसाचे ०१:०० पासून दुसऱ्या दिवशीच्या ००:०० पर्यंतचे चोवीस आकडे इथे टाका, सोबत स्क्रिप्टमधली दैनिक आकडा काढणारी ओळ. बाकी काही नको.