एचएसके 3 झाली, आता चिनी भाषेच्या अभ्यासात पुढे काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात राहून एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी झाली, दुभाष्याच्या नोकऱ्या समोर दिसतात, पण मन अभ्यासात आहे आणि घरचे म्हणतात, त्यात काय वाव? वाव आहे, आणि मराठी माणसाला तर खास आहे.

आधी पैशांचं. चीन सरकारच्या पूर्ण शिष्यवृत्तीत फी माफ, वसतिगृह आणि दरमहा विद्यावेतन असतं: एमएला 3000 युआन, पीएचडीला 3500. तिकडे पदवीच घ्यायची असेल तर ती बघा. तुम्हाला मात्र मी आधी तैवानची हुआयू शिष्यवृत्ती सुचवेन. ती फक्त भाषा शिकण्यासाठी असते आणि आपले अर्ज दिल्लीच्या ताइपे आर्थिक व सांस्कृतिक केंद्रामार्फत जातात. मी तिच्यावरच नऊ महिने ताइपेत काढले. महिन्याला 25,000 तैवानी डॉलर मिळायचे. वर्गाची फी आणि विमानाचं तिकीट मात्र आपल्याच खिशातून. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांचा खर्च गाठीशी बांधूनच निघा, नाहीतर पहिल्या सत्रात अभ्यासापेक्षा हिशेबच जास्त होतात.

तिथे पारंपरिक लिपी शिकावी लागते. चीनमध्ये चालणाऱ्या सोप्या लिपीवर बसलेला हात पुन्हा वळवताना पहिला महिना जड गेला. पण जुने ग्रंथ पारंपरिक लिपीतच आहेत.

शेवटच्या सत्रात अभिजात चिनीच्या वर्गात बाईंनी ह्युएनत्संगाच्या, 646 साली पूर्ण झालेल्या प्रवासवृत्तांतातला उतारा दिला. वर चार अक्षरं होती: मो, हो, ला, छा. मी ती दोनदा पुटपुटलो आणि अंगावर काटा आला. महाराष्ट्र! खाली चालुक्य राजा पुलकेशीचं वर्णन, उपकार न विसरणाऱ्या आणि अपमानाचा सूड घेणाऱ्या लोकांचं वर्णन, आणि पूर्वेच्या डोंगरातला एक विहार, जो अजिंठा असावा असं अनेक अभ्यासक मानतात. त्यातलं 'मो' हे अक्षर आज मोटरसायकलच्या चिनी शब्दात येतं. तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी त्याच अक्षराने आपल्या 'महा'तला 'म' लिहिला होता.

असं जुनं चिनी वाचणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली आहेत. फर्ग्युसनमध्ये पाली शिकवणाऱ्या पु. वि. बापटांनी 'विमुत्तिमग्ग' आणि 'विसुद्धिमग्ग' या बौद्ध ग्रंथांचा तौलनिक अभ्यास 1937 साली पुण्यातच प्रसिद्ध केला. 'विमुत्तिमग्ग'ची पाली प्रत हाती नव्हती, चिनी भाषांतर होतं. म्हणून ते चिनी शिकले. ज्याला पाली-संस्कृतही येतं आणि चिनीही, असा अभ्यासक आजही फार दुर्मीळ आहे. नेमकी तिथेच तुमची जागा आहे, असं मला मनापासून वाटतं.

देश सोडायचा नसेल तर शांतिनिकेतनचं चीना भवन आणि दिल्लीचं जेएनयू, दोन्हीकडे चिनीत एमए आणि पीएचडी करता येते. आणि कुठेही प्रवेश मिळण्याआधी आजच सुरुवात करायची तर सीबीईटीए या तैवानी संस्थेने चिनी बौद्ध ग्रंथ संगणकावर मोफत खुले केले आहेत. एखादं छोटं सूत्र घ्या आणि रोज दोन ओळी वाचा.

शाळेत संस्कृत घेतलं होतं का तुम्ही? खाली कळवा. असेल तर कुठल्या सूत्रापासून सुरुवात करायची ते सांगतो. नसेल तर आधी पालीचा वर्ग शोधू.