मुलीला ॲनोरेक्सिया आहे हे घरच्यांना सांगावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी सोळा वर्षांची आहे, सात महिन्यांपासून तिचं खाणं तुटत गेलंय आणि डॉक्टरांनी ॲनोरेक्सियाचं, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने खाणं तोडत जाण्याच्या मानसिक आजाराचं, निदान केलंय. हे नातेवाइकांना सांगावं की झाकून ठेवावं, आणि चार जण चार सल्ले देतात त्यात कुणाचं ऐकावं, हे तुमचे दोन प्रश्न.

सांगा. पण मोजक्या माणसांना, आणि ज्याला सांगाल त्याला एक काम नेमून द्या. नुसतं सांगितलं की लोक सल्ले देतात.

माझी मुलगी दहावीच्या सुट्टीत आजारी पडली. आता ती एकवीस वर्षांची आहे आणि बरी आहे. आम्ही साताऱ्यात राहतो. सुरुवात उपवासांनी झाली. आधी संकष्टी, मग गुरुवार, मग शनिवारही. सासूबाईंना कौतुक वाटलं, खरं तर मलाही. उपवास करणाऱ्या मुलीला आपल्याकडे कुणी कारण विचारत नाही. नंतर ताटाकडे लक्ष गेलं. पोळीचे नखाएवढे तुकडे करायची, एकेक तुकडा कागदावर दाबून त्याचं तूप टिपायची. पाऊण तास बसूनही वाटीतली भाजी जिथल्या तिथे. आणि हीच मुलगी धाकट्या भावासाठी हौसेने साबुदाणा वडे तळायची, रात्री उशिरापर्यंत पाककृतींचे व्हिडिओ बघायची. मला वाटायचं, ही मुद्दाम आमचा अंत बघतेय.

पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आम्हाला एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ती धडधाकट मुलं दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, ताटातलं चिवडत तासन् तास बसायला लागली. चिडचिडी झाली, माणसांपासून तुटली. म्हणजे जे मी हट्ट समजत होते, त्यातलं बरंचसं उपाशी मेंदूचं वागणं होतं. त्या दिवसापासून मी तिला समजावणं थांबवलं आणि तिच्या शेजारी बसायला लागले.

किशोरवयातल्या ॲनोरेक्सियासाठी कुटुंबाला सोबत घेऊन उपचार करायची एक पद्धत आहे. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात तिच्यावर काम झालं. दोष कुणाचा, हे ती शोधत बसत नाही. आधी ताटाची जबाबदारी आईवडिलांनी घ्यायची, वजन सावरलं की थोडी थोडी मुलीच्या हातात परत द्यायची, आणि मग तिच्या वयाचे बाकीचे प्रश्न. आमच्याकडे हेच केलं.

आता सल्ल्यांबद्दल. पहिल्या आहारतज्ज्ञांनी आम्हाला छापील तक्ता दिला होता: ओट्स, उकडलेल्या भाज्या, साखर बंद. मुलीने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तिच्या आजाराच्या हातात जणू डॉक्टरी चिठ्ठीच पडली. दुसऱ्या बाईंनी तिला विचारलं, तू आठ वर्षांची असताना काय आवडीने खायचीस? तिने बऱ्याच वेळाने उत्तर दिलं, मेतकूट-तूप-भात. सुरुवात तिथून झाली. पण भरभर वाढवलं नाही. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरू शकतं, हृदयावर बेतू शकतं. म्हणून पहिले काही दिवस रक्ततपासणी करत करत पुढे गेलो. हे घरच्या अंदाजाने करू नका.

दवाखान्यातल्या बाकावर ओळखी झाल्या. एक जिमला जाणारा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. त्याचा व्यायाम थांबवणं हाच उपचाराचा मोठा भाग होता. एक चाळिशीतल्या ताई रात्री खूप खाऊन उलटी काढायच्या. दिवसभर उपाशी राहिलं की रात्री अन्नावर तुटून पडणं ठरलेलं, म्हणून त्यांना दुपारचं जेवण चुकवायचं नाही असं सांगितलं होतं, आणि जेवल्यावर तासभर त्यांचे यजमान त्यांच्याशी पत्ते खेळत बसायचे. मी माझ्या घरचा नियम त्यांना सांगितला असता तर नुकसानच झालं असतं. तेव्हा ज्याने तुमच्या मुलीला तपासलंय, तिचं बोलणं ऐकून घेतलंय, त्याचं ऐका.

आम्ही तिन्ही कुटुंबं पुढे महिन्यातून एका रविवारी डबे घेऊन एकत्र जेवायचो. नियम एकच, वजनाचा आकडा कुणी उच्चारायचा नाही. माझी मुलगी आधी मोबाइलवर अशा मुलींच्या गटात होती जिथे आकड्यांची चढाओढ चालायची. तोही आधारच वाटायचा तिला. मुलीचा मोबाइल हिसकावू नका, पण ती कुणाच्या संगतीत आहे हे जाणून घ्या.

घरात सासूबाईंना काम होतं चारच्या खाण्याचं, कारण मी ऑफिसात असायचे. अट अशी की खाण्याबद्दल एक शब्द काढायचा नाही. त्या सुपात तांदूळ घेऊन निवडत बसायच्या आणि १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर अंगणात झोपून काढलेल्या रात्री सांगायच्या. मुलगी ऐकता ऐकता थालीपीठ संपवायची. तिचं संपलं नसेल तर त्या निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायच्या. एकदा मी लवकर घरी आले तर सुपात एकही खडा नव्हता आणि त्यांची बोटं चालूच होती.

एक चूक माझी. एका लग्नाला जाताना मी कुणालाच आधी बजावलं नाही. मावशीने मायेने म्हटलं, "तब्येत छान सुधारली गं!" त्या रात्री ताट तसंच परत आलं, आणि घडी पुन्हा बसायला दोन आठवडे गेले. आपल्याकडे हे कौतुक आहे, पण या मुलींना त्यात फक्त 'जाड झालीस' एवढंच ऐकू येतं. बारीक, जाड, चेहऱ्यावर तेज, काहीच बोलायचं नाही, असं सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, नाडी फार मंद लागली किंवा पाणीही बंद केलं तर थेट रुग्णालयात न्या. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलली तर तिला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायला हवं, तेव्हा पॉलिसी काढून बघा.

कुणाला सांगायचं ते मात्र मुलीलाच विचारा. माझ्या मुलीने माझ्या सख्ख्या बहिणीला नको म्हटलं आणि शेजारच्या काकूंचं नाव घेतलं. मला लागलं ते. पण मी आजारी पडले त्या आठवड्यात दोन्ही वेळा तिच्यासमोर ताट घेऊन काकूच बसल्या होत्या.