डिसइंटरेस्टेड की अनइंटरेस्टेड?

'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' हे इंग्रजी शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, असा प्रश्न आहे. सोबत 'इम्प्लाय' आणि 'इन्फर' यांतला फरकही विचारला आहे.

पहिल्या जोडीतला फरक आवर्जून जपावा, असं माझं ठाम मत आहे. गोंधळाचं मूळ 'इंटरेस्ट'मध्ये आहे. रस आणि हितसंबंध हे दोन्ही अर्थ या एकाच शब्दात आहेत. (व्याज हा आणखी एक, पण इथे त्याचा संबंध नाही.) ज्याला रस नाही तो अनइंटरेस्टेड. ज्याचा हितसंबंध गुंतलेला नाही तो डिसइंटरेस्टेड, म्हणजेच त्रयस्थ, निःपक्षपाती. क्रिकेटचा पंच डिसइंटरेस्टेड असायलाच हवा. कोणीही जिंकलं तरी त्याला काही मिळायचं नसतं. पण तोच अनइंटरेस्टेड असेल, तर नो-बॉल त्याच्या नजरेतून सुटायचा. आणि स्पर्धेत ज्याची स्वतःची मुलगी उतरली आहे असा परीक्षक? त्याला रस भरपूर असेल, पण त्याला डिसइंटरेस्टेड म्हणता येणार नाही.

मात्र हा फरक पहिल्यापासून असा पक्का नव्हता. सतराव्या शतकात हे शब्द नेमक्या उलट अर्थांनीही वापरलेले सापडतात. 'रस नसलेला' या अर्थी डिसइंटरेस्टेड कवी जॉन डन यांच्या लेखनात आहे आणि ते १६३१ साली वारले. अनइंटरेस्टेड तेव्हा 'निःपक्षपाती' या अर्थी येई. आजचा अर्थ त्याला अठराव्या शतकात चिकटला. अमेरिकेतला मेरियम-वेबस्टर हा इंग्रजी कोशही डिसइंटरेस्टेडचे दोन्ही अर्थ नोंदवतो. तेव्हा कोणी तो 'कंटाळलेला' या अर्थी वापरला, तर त्याला अडाणी ठरवू नये. स्वतः लिहिताना मात्र जपावं, कारण 'निःपक्षपाती' एवढं नेमकं सांगणारा शब्द बोथट झाला तर नुकसान आपलंच. 'डिसइंटरेस्ट' हे नाम तर आता इतकं संदिग्ध झालंय की तिथे मी सरळ 'इम्पार्शिअ‍ॅलिटी' (निःपक्षपातीपणा) लिहितो.

दुसरी जोडी सोपी आहे. बोलणारा इम्प्लाय करतो, म्हणजे आडून सुचवतो. ऐकणारा इन्फर करतो, म्हणजे त्यावरून ताडतो. "घड्याळ बंद पडलं होतं वाटतं?" असं कोणी विचारलं, तर तुम्हाला उशीर झाल्याचं त्याने इम्प्लाय केलं. तो रागावलाय, हे तुम्ही इन्फर केलंत. ते चुकीचंही असू शकतं.