“पोरगं ऐकंना झालंय”: बॉक्सिंगचा करार आणि बारावीचं वर्ष

“सर, पोरगं ऐकंना झालंय. कॉलेज सोडतो, प्रोफेशनल बॉक्सर होतो म्हणतंय. पोट भरंल काय त्याच्यावर?”

आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या, शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणाऱ्या वडिलांनी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे विचारलं. घर तालमीतलं. आजोबा आखाड्यात उतरलेले, वडील स्वतः विशीपर्यंत लाल मातीत. कुस्तीला मैदान आहे, इनाम आहे, पैलवान म्हणून गाव ओळखतं. बॉक्सिंगचं काय, हा त्यांचा सवाल होता. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला. त्याच्या मोबाइलमध्ये एका एजंटानं पाठवलेला तीन वर्षांचा करार होता आणि महिन्याभरात उत्तर द्यायचं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र कोल्हापुरात आता नेहमीचा झाला आहे.)

आई सगळ्यात मागे बसली होती. बराच वेळ गप्प राहून तिनं पिशवीतून दोन गुंडाळ्या काढून टेबलावर ठेवल्या. ग्लोव्हजच्या आत हाताला बांधायच्या कापडी पट्ट्या, प्रत्येकी साडेचार मीटर, एका टोकाला अंगठ्यात अडकवायचा फास, दुसऱ्या टोकाला वेल्क्रो. “ह्या रोज मी धुते. आधी नुसता घामाचा वास यायचा. आता हितं रक्त असतंय,” म्हणत तिनं मधल्या बोटाच्या गाठीवर येणारा भाग दाखवला. आणि मग हळूच म्हणाली, “शुक्रवारपासनं हा खोलीतली लाइट बंद करून बसतोय.”

रक्ताचं कारण साधं निघालं. पट्टी मनगटावर तीन वेढे, तळहातावर तीन, मग बोटांच्या मधून आणि शेवटी गाठींवर जाड थर, अशी जायला हवी. हा घाईत सगळी पट्टी मनगटावरच संपवत होता आणि ग्लोव्हजचा फोम दबून बसलेला होता. ते आठवड्यात सुधारतं. लाइट बंद करून बसण्याची गोष्ट तशी नव्हती.

करार बाजूला ठेवून आम्ही मुलाला शुक्रवारबद्दल विचारलं. आईवडील बाहेर गेल्यावर तो बोलला. स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, समोर ७२ किलोचा मुलगा होता, हा ६४ किलोचा. उजवा हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, कानाच्या वर बसला. “एक सेकंद ब्लॅक झालं, पण पडलो नाही.” तेव्हापासून डोकं ठणकतंय, पुस्तकातली ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागते, उजेड खुपतो. तरी रविवारी तो परत रिंगमध्ये उतरला होता, कारण तीन आठवड्यांवर निवड चाचणी होती आणि डोकं दुखतं म्हटलं की नाव कापलं जाईल ही भीती.

आमच्या मते या घरातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच होता. व्यावसायिक बॉक्सिंग करावं की नाही यावर आईवडील भांडत होते, आणि मुलगा दुखापत झालेलं डोकं घेऊन फिरत होता.

मेंदूला हादरा बसण्यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही. डोकं झटक्यानं वळतं तेव्हा कवटीच्या आतला मेंदू मागे राहतो, ओढला जातो आणि पेशींचं काम काही दिवस विस्कळीत होतं. साध्या सीटी स्कॅनमध्ये बहुतेक वेळा काही दिसतही नाही. स्कॅन नॉर्मल आला म्हणजे काही झालंच नाही, असा अर्थ घरोघरी काढला जातो तो चुकीचा. स्कॅन रक्तस्राव शोधायला असतो. हेडगार्डनं भुवई फाटायची वाचते, हादरा थांबत नाही. आणि पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर क्वचित मेंदूला झपाट्यानं सूज येऊन जीवही जातो. हा धोका किशोरवयात जास्त. रविवारचं स्पारिंग म्हणून आम्हाला हुकपेक्षाही जास्त काळजीचं वाटलं.

त्याच संध्याकाळी मेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. आईला वेगळा कागद लिहून दिला: वारंवार उलट्या, डोकेदुखी वाढत जाणं, जागं करूनही झोपेतच राहणं, बोलण्यात गोंधळ, झटका, एका हातापायातली ताकद जाणं किंवा डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं. यातलं एकही दिसलं तर कुणाला विचारत बसायचं नाही, रात्री दोन वाजले असले तरी रिक्षा करून सरळ सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठायचं.

परत रिंगमध्ये जायची वाटही ठरलेली असते. आधी एक-दोन दिवस विश्रांती. पूर्ण अंधारात पडून राहायची गरज नाही, पण मोबाइल आणि अभ्यास कमी. मग चालणं. मग रंकाळा तलावाभोवती हलकं पळणं. मग शॅडो बॉक्सिंग (समोर कुणी नसताना हवेत ठोसे) आणि दोरी, मग बॅग आणि पॅड, आणि डॉक्टरांनी लेखी दिल्यावरच स्पारिंग. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. त्रास वाढला की एक पायरी मागे. मुलांना हे मोठ्यांपेक्षा जास्त दिवस लागतात. हौशी, म्हणजे ऑलिंपिकसारख्या पदकांच्या स्पर्धांच्या, बॉक्सिंगमध्ये डोक्यावरच्या फटक्यामुळे लढत थांबवली गेली तर किमान ३० दिवस लढत आणि स्पारिंग दोन्ही बंद ठेवायची रीत आहे. ती आम्ही इथे लावून घेतली.

“म्हणजे निवड चाचणी गेली. म्हणजे वर्ष गेलं,” मुलगा म्हणाला आणि रडला. त्याला रडू दिलं. मग एका कोऱ्या कागदावर त्याचं जन्मवर्ष लिहिलं. हौशी बॉक्सिंगचा युवा गट १७ आणि १८ वर्षांचा, आणि वय जन्मवर्षावरून मोजतात. म्हणजे पुढच्या वर्षीही तो युवा गटातच बसतो. त्यापुढे १९ ते ४० हा वरिष्ठ गट. हा हिशेब त्याला कुणीच करून दाखवला नव्हता. तो कागद त्यानं घडी घालून खिशात ठेवला.

वजनाचं दुखणंही निघालं. तो ६० किलोच्या गटात खेळायचा आणि घरी वडील तालमीच्या शिस्तीनं दूध, तूप, बदामाची थंडाई देत होते. पैलवानाला अंग भरायला हे ठीक. इथे आठवडाभर वजन चढायचं आणि स्पर्धेआधी तीन दिवस तो जेवण तोडून, रेनकोट घालून पळून चार-साडेचार किलो उतरवायचा. हे उतरलेलं वजन म्हणजे जवळजवळ सगळं पाणी. हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं, त्यामुळे ते पाणी भरून काढायला पुरेसे तासच मिळत नाहीत. पाय जड होतात, हात खाली येतात, फटके जास्त बसतात. व्यावसायिक लढतीत वजन आदल्या दिवशी होतं म्हणून तिथे लोक याहून जास्त उतरवतात, तेही धोक्याचंच. ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ या जागतिक संघटनेच्या नव्या गटांत पुरुषांना ६० नंतर ६५ किलो आहे. याचं नैसर्गिक वजन साडेचौसष्ट. गट बदलला की निम्मं दुखणं मिटतं. वडिलांना हे लगेच पटलं, कारण थंडाई बंद करायची नव्हती, फक्त मोजायची होती.

दुसऱ्या भेटीत करार उघडला.

मुलाच्या डोक्यात ‘प्रोफेशनल’ म्हणजे हौशीच्या वरची इयत्ता असं चित्र होतं. तो वेगळा धंदा आहे. हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. व्यावसायिक पदार्पण बहुधा चार फेऱ्यांचं, मग सहा, आठ, दहा आणि किताबाला बारा. म्हणजे नऊ मिनिटांच्या जागी छत्तीस. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा डुक कू किम लास वेगासच्या लढतीनंतर दगावला, तेव्हा कुठे पंधराच्या बारा फेऱ्या व्हायला सुरुवात झाली. आणि लढतींपेक्षा कितीतरी जास्त फटके सरावात बसतात. म्हणून सतराव्या वर्षी मोठ्या पोरांबरोबर रोज ‘युद्ध’ खेळणारा बॉक्सर पंचविशीत पोचेपर्यंत बराच खर्च झालेला असतो. ग्लोव्हजही बघा: स्पारिंगला १४ ते १६ औंसांचे लागतात, हा बॅगवर वापरायचे १० औंसांचे घालत होता.

पैशाची रचना वडिलांना समजेल अशी मांडली. पगार नसतो, लढतीचं मानधन असतं. वर्षात तीन लढती मिळाल्या तर तीनदा पैसे, भुवई फाटली तर तेही नाहीत. त्यातून मॅनेजरचा वाटा जातो, ब्रिटनच्या व्यावसायिक बॉक्सिंग मंडळाच्या नियमांत तो २५ टक्क्यांपर्यंत असू शकतो. प्रशिक्षकाला साधारण १० टक्के देण्याची जुनी पद्धत. याच्या करारात कापायचे टक्के होते, वर्षाला किती लढती देणार हा आकडाच नव्हता. म्हणजे तीन वर्षं दुसरीकडे खेळता येणार नाही, आणि यांनी एकही लढत लावली नाही तरी बांधील. आणि मुलगा सतराचा. १८ पूर्ण होईपर्यंत त्याच्या सहीला कायद्यानं काही किंमत नाही, हे एजंटाला माहीत नसेल असं वाटत नाही.

आम्ही पाच प्रश्न लिहून दिले. वर्षाला किमान किती लढती? त्या झाल्या नाहीत तर करार आपोआप सुटतो का? मेंदूचा एमआरआय, डोळे, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी या तपासण्यांचा खर्च कुणाचा, आणि रिंगमध्ये इजा झाली तर दवाखान्याचा कुणाचा? परवाना कोणत्या मंडळाचा? आणि प्रतिस्पर्धी कोण ठरवणार, नकार द्यायचा हक्क कुणाला? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. या धंद्यात एक बाजू घरच्या बॉक्सरची असते, दुसऱ्या बाजूला हरायला आणलेला बॉक्सर असतो. ज्या पोराच्या मागे हौशी पदकं नाहीत, त्याच्या तिकिटावर गर्दी येत नाही, आणि तो दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो.

विजेंदर सिंग २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्राँझ जिंकून, २०१५ मध्ये व्यावसायिक झाला. एकोणतीस वर्षांचा होता, आणि पहिला पराभव थेट २०२१ मध्ये. विकास कृष्ण दोन ऑलिंपिक खेळून मग तिकडे गेला, परत हौशीत आला आणि टोकियोसाठी पात्र ठरला. २०१६ पासून व्यावसायिकांनाही ऑलिंपिकचं दार उघडं आहे. घाई केल्यानं काही मिळत नाही आणि थांबल्यानं काही बुडत नाही, एवढं मुलाला या दोन नावांतून दिसलं.

वडिलांच्या “पोट भरंल काय” याचं खरं उत्तर हौशी पदकांत आहे. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि सेनादलं खेळाडू घेतात. राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये पदक मिळवण्याआधी कित्येक वर्षं मध्य रेल्वेत नोकरीला होता. खेळ नेमबाजीचा, पण वाट हीच. मात्र प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेच्या किंवा शासनाच्या स्पर्धेचं लागतं आणि क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी करून घ्यावी लागते. कुठल्याही चषकाचं रंगीत प्रमाणपत्र तिथे चालत नाही. याच्याकडे सात प्रमाणपत्रं होती, कामाची दोन. आणि पदवी हातात असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) एक वर्षाचा प्रशिक्षक डिप्लोमा पुढे करता येतो. बारावी सोडली तर ही सगळीच दारं अरुंद होतात. हे ऐकून मुलगा बापाकडे न बघता म्हणाला, “परीक्षा देतो. पण बॉक्सिंग सोडणार नाही.” सोडायला कुणी सांगितलंच नव्हतं, हे वडिलांनीच त्याला सांगितलं.

सातव्या आठवड्यात तिघं परत आले. डॉक्टरांचा लेखी होकार आला होता. स्पारिंग आठवड्यातून दोनदा, सारख्या वजनाच्या मुलाबरोबर, १६ औंसांच्या ग्लोव्हजनं. डोकं दुखलं तर त्याच दिवशी आईला सांगायचं, हे त्यानं स्वतः कबूल केलं आहे. प्रश्नांचं उत्तर म्हणून एजंटाचा फोन आला होता, एवढं कोण विचारतं म्हणून. “लेखी द्या म्हटलं,” वडील म्हणाले. ते अजून आलेलं नाही. कराराची छापील प्रत रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक फाइलीत, सहीशिवाय पडून आहे.