हमवीची चाकं डॉज रॅमवर: स्पेसर किती जाडीचा आणि तो बसवायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा: टेक्सासमधल्या सदस्याकडे १९९६ची डॉज रॅम २५०० फोर-बाय-फोर आहे. लष्करी लिलावातून हमवीची (अमेरिकी लष्कराची गाडी) २४ बोल्टांची चाकं ३७ इंची टायरसकट स्वस्तात मिळत आहेत. दोन इंची स्पेसर (हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी जाड चकती) चालेल का, की बेअरिंग जाईल?

बेअरिंगचं आधी. टायरची मध्यरेषा हबच्या फेसपासून (चाक जिथे टेकतं तो सपाट भाग) किती दूर आहे, यावर बेअरिंगचा भार ठरतो. मधलं अंतर रिमच्या पत्र्याने भरलंय की स्पेसरने, याने काही बदलत नाही. साध्या रिमला स्पेसर लावला की मध्यरेषा बाहेर सरकते, म्हणून स्पेसर बदनाम आहेत. हमवीचं रिम मात्र उलट आहे. त्याची रुंदी ८.२५ इंच आणि बॅकस्पेसिंग (हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर) जवळजवळ ७ इंच, म्हणजे ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून तो पृष्ठभाग किती बाहेर आहे ते अंतर) सुमारे +६० मिमी. दोन इंची स्पेसर लावल्यावरही ऑफसेट किंचित का होईना, अधिक (+) बाजूलाच राहतो. बेअरिंग आणि बॉल जॉइंट खाणार आहे ते ३७ इंची टायरचं वजन; आत रनफ्लॅट (हवा गेल्यावरही गाडी चालावी म्हणून टायरच्या आत बसवलेलं जड कडं) ठेवलात तर आणखी लवकर.

आता जाडी. टायर १२.५ इंच रुंद, त्याची निम्मी रुंदी सव्वासहा. त्यात ऑफसेटचे २.४ मिळवा: स्पेसरशिवाय टायरची आतली भिंत हबच्या फेसपासून साडेआठ इंचांहून जास्त आत जाते आणि पुढे कंट्रोल आर्मवर बसते. दोन इंचांनी ती साडेसहाच्या आसपास येते. तरीही पूर्ण वळणावर खालच्या कंट्रोल आर्मला घासण्याची शक्यता असतेच. स्टीअरिंगचे स्टॉप बोल्ट थोडे बाहेर काढून वळण कमी करावं लागतं. तीन इंची स्पेसरने ते घासणं टळेल, पण टायर फेंडरबाहेर येईल आणि बेअरिंगची तक्रार तिथे खरी ठरू लागेल. माझं मत दोन इंचांनाच. त्याखाली जाऊ नका: हमवीच्या रिमची चकती मागून सपाट आहे, गाडीचे मूळ स्टड (हबवरचे, चाकाचे नट लागणारे बोल्ट) स्पेसरबाहेर डोकावले तर त्यांना जागाच नाही. रिम मग स्टडच्या टोकांवर टेकतं, नट घट्ट लागल्याचा भास होतो आणि चाक सैल राहतं.

स्पेसर म्हणजे बोल्टने बसणारा, स्वतःचे स्टड असलेला, ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पोलादी. नुसती सरकवायची चकती नको. मापं: ८ स्टड, ६.५ इंचांचं वर्तुळ, ९/१६-१८ चा आटा (९/१६ इंच जाडी, इंचाला १८ आटे). हमवीचा बोल्ट पॅटर्नही हाच, म्हणून अ‍ॅडॅप्टर लागत नाही. (फोर्ड सुपर ड्यूटीवाल्यांनी इथे थांबावं. तुमचा पॅटर्न ८ बाय १७० मिमी, तुम्हाला पॅटर्न बदलणारा अ‍ॅडॅप्टरच लागेल.) मागचा हब बाहेर किती येतो ते मोजा. तो दोन इंचांच्या पुढे येत असेल तर रिमच्या मधल्या भोकातूनही जायला हवा.

बसवताना हबचा फेस तारेच्या ब्रशने उघडा धातू दिसेपर्यंत घासा. ड्रम किंवा रोटर धरून ठेवणाऱ्या पातळ क्लिपा स्टडवर असतील तर काढून फेका. त्या राहिल्या की स्पेसर तिरका बसतो आणि महिन्याभरात स्टड तुटतो. हबच्या कडेला अँटी-सीझचा पातळ थर द्या, स्टडच्या आट्यांना नको, नाहीतर टॉर्कचा आकडा खोटा येतो. नट हाताने फिरवताना फेरे मोजा: निदान दहा पूर्ण फेरे हवेत, तेव्हा ९/१६ इंच आटा पकडलेला असतो. मग चांदणीच्या क्रमाने (एकानंतर समोरचा नट) दोन-तीन टप्प्यांत १३५ फूट-पाउंड. त्यावर रिम, पुन्हा तोच क्रम आणि तोच टॉर्क. रिमच्या भोकांचा उतार आणि नटाचा उतार जुळतो का, हे एक नट आवळून-काढून खुणेवरून पाहा. गोल पूर्ण उमटला पाहिजे.

शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क, आणि हे काम लोक अर्धवट करतात. बाहेरचे नट तपासून समाधान मानतात. स्पेसरचे नट रिमच्या मागे दडलेले असतात, चाक उतरवल्याशिवाय ते दिसत नाहीत. चारही चाकं उतरवायचीच.

आता जिवावर बेतणाऱ्या गोष्टी. हे रिम दोन तुकड्यांचं आहे आणि कडेचे २४ नट ते दोन तुकडे एकत्र धरतात. टायरमध्ये हवा असताना त्यांना पाना लावायचा नाही. आधी व्हॉल्व्हची कोर पूर्ण काढा, भोकात तार घालून ते तुंबलेलं नाही याची खात्री करा, मगच नट. जोडताना नवी ओ-रिंग, नवे नट, आणि हवा भरायची ती चाक सुरक्षा-पिंजऱ्यात ठेवूनच. दुसरं, हे १६.५ इंची रिम आहे. त्यावर १६ इंची टायर ओढूनताणून चढतो, पण बीड (रिमवर बसणारी टायरची कड) बसत नाही; हवा भरताना फुटून माणसं दगावली आहेत.

रनफ्लॅट काढला तर वजन घटतं, पण दोन्ही बीड आवळून धरणारा तोच असतो. कमी हवेवर वाळूत चालवणार असाल तर त्याच्या जागी बीडलॉक (बीड रिमवर आवळून धरणारी कडी) घाला. टायर विकत घेण्याआधी भिंतीवरचे चार आकडे वाचा: २३०९ म्हणजे २००९चा तेविसावा आठवडा. टायरची खोल नक्षी बघून भुलू नका. नक्षीच्या गोट्यांच्या (उंच ठोकळ्यांच्या) मुळाशी भेगा असतील तर सौदा सोडा.

गिअरचा हिशेब राहिला. मूळ २४५/७५ आर१६ चा व्यास साडेतीस इंच, म्हणजे नवा टायर २१ टक्के मोठा. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ७३ मैलांनी धावत असेल. तुमचा ३.५४ गिअर-गुणोत्तराचा अ‍ॅक्सल २.९२ सारखा वागेल. कमिन्स डिझेल इंजिन असेल तर सपाटीवर ओढेल, ट्रेलर लावून चढावर नाही. तिथे ४.१० हवा, पुढे-मागे दोन्हीकडे. आणि पाचवं चाकही घ्या. तुमची जुनी स्टेपनी एका कोपऱ्यात लावून फोर-व्हील टाकलंत तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) जाईल.