रोज चालूनही खुर्चीतून उठताना हात टेकावे लागत असतील तर

तुमचे वडील ७१ वर्षांचे, रोज पाऊण तास चालतात, तरी सोफ्यातून उठताना हात टेकतात आणि जिना उतरताना कठडा सोडत नाहीत. म्हणून चालणं तासभर करावं का, असं विचारलंय तुम्ही. नका करू. याच घोळात माझं दीड वर्ष गेलं. ज्या दवाखान्यात विचारलं तिथे 'वय झालं, चालत राहा' यापलीकडे काही मिळालं नाही. एकदा खुर्चीतून उठवून बघायलाही कुणाला सवड नव्हती.

चालण्याचे फायदे सांगत बसत नाही. पण सपाट रस्त्यावर मांड्यांवर आणि कुल्ल्यांवर फारसा भार येतच नाही, आणि भाराशिवाय ताकद येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमधली आठवड्याची १५० ते ३०० मिनिटं सगळ्यांना पाठ असतात. त्याच सूचनांत ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान २ दिवस ताकदीचे आणि ३ दिवस तोल सांभाळायचे व्यायाम सांगितलेत, तिकडे कुणी बघत नाही.

खुर्ची घ्या, बिनचाकांची, पाठ भिंतीला टेकवलेली, बैठक साधारण ४५ सेंमी उंच. हात न लावता उठता येत नसेल तर बैठकीवर जाड सतरंजी घडी करून ठेवा. पुढच्या कडेला सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाकायचं आणि मग उठायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं. पावलं पुढे टाकून, पाठ ताठ ठेवून उठायला जातात, मग हात लागणारच. त्याहून महत्त्वाचं बसणं: तीन आकडे मोजत खाली या, धपकन नाही. उठताना श्वास सोडायचा. दाबून धरला तर रक्तदाब उसळतो. ८ वेळा करून २ मिनिटं थांबा, पुन्हा ८ वेळा. हे एक दिवसाआड. १२ सहज जमले की सतरंजी काढा. शेवटचे दोन जड जायला हवेत. गप्पा मारत होत असतील तर भार कमी पडतोय.

तोलासाठी ओट्याला बोटं टेकवून १० वेळा टाचा उचलायच्या. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभं राहायचं, १० सेकंदांपासून ३० पर्यंत. नुसते मोजे घालून नको, पाय सरकतो.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर चालेल. गुडघा सुजला किंवा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखला तर निम्म्यावर या. बीटा-ब्लॉकरची (रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी देतात ती) गोळी चालू असेल तर नाडीवरून श्रम ठरवू नका, त्या गोळीने ठोके दबलेले असतात. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढी खूण पुरते. आणि ते मनगटावरचे १०,००० पावलांचे वेड! तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, वैद्यकातून नाही.

मी डॉक्टर नाही. छातीत दुखत असेल, अलीकडे पडले असतील किंवा उठल्यावर भोवळ येत असेल तर आधी तपासणी, मग खुर्ची. भोवळ असेल तर बसून घेतलेल्या एका रक्तदाबावर समाधान मानू नका. आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी मोजायला सांगा. सांगितल्याशिवाय सहसा कुणी मोजत नाही.